सॅल्यूट कधी करायचा नाही, हे आधी शिका

सैन्यभरतीचा निकाल लागला की गावातली पोरं निरोप घ्यायला घरी येतात. चहा होईस्तोवर त्यातला एखादा उठून उभा राहतोच. "काका, माझा सॅल्यूट बघा ना." अकॅडमीत घोटून घेतलेला असतो, हात झटक्यात वर जातो, बरा असतो. पण "हा करायचा कधी नाही?" असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. माझी बरीचशी नोकरी ड्रिल उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारा, म्हणून ग्राउंडवर गेली. सुरुवातीच्या दिवसांत रिक्रूट जो रगडा, म्हणजे शिक्षा, खातो, त्यातला मोठा वाटा नको तिथे हात उचलल्याचा असतो. वाकडा हात उस्ताद सरळ करून देतो. तो कधी उचलायचा, हे ज्याचं त्यालाच डोक्यात बसवावं लागतं. बेळगाव, अहिल्यानगर, नाशिक रोड, खडकी, कुठल्याही ट्रेनिंग सेंटरला निघालेला असाल तर हे घरूनच शिकून जा.

पहिली गोष्ट टोपीची. आपल्या सैन्यात उघड्या डोक्याने सॅल्यूट करत नाहीत. डोक्यावर बेरे, पगडी, जी काही वर्दीची टोपी ठरलेली असेल ती हवी. नसेल तर जागच्या जागी सावधान व्हायचं, मान ताठ, नजर समोरच्याकडे, आणि खणखणीत आवाजात 'जय हिंद श्रीमान'. पोरं सिनेमे बघून येतात. अमेरिकी सैन्यात ऑफिसात रिपोर्ट करताना उघड्या डोक्यानेही सॅल्यूट करतात, तेच आपल्याकडे चालतं असं त्यांना वाटतं.

नेहमी घडणारा प्रसंग सांगतो. संध्याकाळची वेळ, रिक्रूट पीटी ड्रेसवर लंगरमधून येतोय, एका हातात ताट, दुसऱ्या हातात चहाचा मग. बॅरकच्या कोपऱ्यावरून अचानक कॅप्टन साहेब समोर येतात. पोरगं गडबडतं, हातातला मग ताटात कोंबतं, चहा सांडतो आणि उजवा हात कपाळाला जातो. डोक्यावर टोपी नाही, पायात कॅनव्हासचे बूट, डाव्या हातातलं ताट हलतंय. त्याने काय करायला हवं होतं? बाजूला होऊन साहेबांना वाट द्यायची, टाचा जुळवायच्या, 'जय हिंद श्रीमान' म्हणायचं. एवढंच. शंका आली की सावधान व्हा आणि जय हिंद म्हणा, त्यासाठी कुणी कुणाला फ्रंट रोल मारायला लावलेलं मी पाहिलेलं नाही.

सिव्हिल कपड्यांतही तसंच. सुट्टीवर आलात, सातारच्या स्टँडवर तुमचे कंपनी कमांडर दिसले, तर टी-शर्टवर सॅल्यूट ठोकू नका. पुढे जा, ताठ उभे राहा, जय हिंद म्हणा. साहेबही हसून जय हिंद म्हणतील.

धावता धावता सॅल्यूट नसतो, आधी तेज चालवर, म्हणजे कवायतीच्या चालण्यावर यायचं. गाडी चालवणाऱ्याने स्टीअरिंगवरचा हात काढायचा नाही. स्क्वाडमधून चाललात तर प्रत्येकाने हात उचलायचा नसतो. स्क्वाड कमांडर 'दाहिने देख' म्हणतो आणि सॅल्यूट एकटा तोच करतो, बाकीच्यांची फक्त मान आणि नजर वळते, तीही दाहिना दर्शक, म्हणजे उजव्या टोकाचा जवान सोडून, कारण त्याने सरळ पाहिलं नाही तर सगळी लाईन तिरकी जाते. तोंडात गुटखा, तंबाखू, च्युइंगगम काहीही असताना वर्दीतल्या माणसासमोर उभंच राहू नये. आपल्या भागातल्या पोरांना हे वेगळं सांगावं लागतं, म्हणून सांगतो. गावाकडची ती सवय गावातच सोडून निघा.

आता हात. वर जाताना तो लांबच्या वाटेने जातो आणि खाली येताना जवळच्या. म्हणजे उजवा हात बाजूने, कोपरात न वाकवता खांद्याच्या रेषेत वर आणायचा, मग कोपरातून वळवून कपाळाशी न्यायचा. पहिल्या बोटाचं टोक उजव्या डोळ्याच्या साधारण 1 इंच वर, बोटं आणि अंगठा एकमेकांना चिकटलेले, तळवा समोर. मनगट सरळ, दंड जमिनीला समांतर. खाली आणताना मात्र सरळ समोरून, मूठ बंद करत, मांडीच्या शिवणीशी. 'गिनती से सॅल्यूट' या हुकमावर हेच एक-दो करत शेकडो वेळा करून घेतात.

माझं लक्ष मात्र आधी डाव्या हाताकडे जायचं. नवखा माणूस उजवा हात वर नेताना सगळा जीव त्या हातात ओततो आणि इकडे डावी मूठ उघडते, अंगठा बाहेर येतो, कधी डावा खांदाही खाली झुकतो. डावी मूठ बंद, अंगठा पुढे, शिवणीला टेकलेली राहिली की समजावं पोरगं तयार झालं. दुसरी गोष्ट डोळे. हात उत्तम आणि नजर जमिनीत असेल तर तो सॅल्यूट मेला. ज्याला करतोय त्याच्या डोळ्यांत बघूनच करायचा. खेड्यातून आलेल्या पोरांना हे सगळ्यांत जड जातं, कारण वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवायची हे घरात शिकवलेलं असतं. इथे नजर वर ठेवणं हाच मान आहे.

चालता चालता सॅल्यूट करायचा तर साहेब साधारण तीन कदमांवर आले की मान त्यांच्याकडे वळते आणि हात उठतो, पुढे गेले की 'नीचे'. तेज चाल मिनिटाला 120 कदमांची, कदम 30 इंचांचा. त्या लयीत हात, मान आणि पाय जुळवायला वेळ लागतो. घाबरू नका, सगळ्यांनाच लागतो.

कुणाला करायचा, हा पुढचा गोंधळ. खांदे वाचायला शिका. लेफ्टनंटच्या खांद्यावर दोन स्टार असतात आणि सुभेदार साहेबांच्या खांद्यावरही दोनच. फरक स्टारखालच्या लाल-पिवळ्या पट्टीचा. पट्टी दिसली की जेसीओ, म्हणजे शिपायापासून बढती घेत वर आलेले साहेब. एक स्टार नि पट्टी म्हणजे नायब सुभेदार, दोन म्हणजे सुभेदार, अशोक चिन्ह नि पट्टी म्हणजे सुभेदार मेजर. पट्टी नसलेले तीन स्टार कॅप्टनचे, नुसतं अशोक चिन्ह मेजरचं. कर्नलपासून पुढे कॉलरवर लाल पट्टे येतात, ते लांबूनच दिसतात. बाहीवर एक फीत लान्स नायकाची, दोन नायकाच्या, तीन हवालदाराच्या. अधिकाऱ्याला 'सर' किंवा 'श्रीमान', जेसीओंना 'साहेब', शिकवणाऱ्याला 'उस्ताद'. महिला अधिकाऱ्याला सॅल्यूट अगदी तसाच आणि तेवढ्याच कडकपणे. तिथे लाजून हात अर्धवट उचलणारे काही रिक्रूट मी पाहिलेत, त्यांना मी कधी सोडलं नाही.

पोरं मला एक प्रश्न हमखास विचारतात. परवा अधिकाऱ्यांच्या अकॅडमीतून पास होऊन आलेला बावीस-तेवीस वर्षांचा लेफ्टनंट, आणि त्याच्या वयाइतकी नोकरी झालेले सुभेदार मेजर त्याला सॅल्यूट करतात, हे कसं? तर तो सॅल्यूट राष्ट्रपतींनी त्याला दिलेल्या कमिशनला असतो. आणि तोच लेफ्टनंट थोड्या वेळाने सुभेदार मेजर साहेबांशेजारी बसून विचारतो, "साहेब, ही तुकडी कशी हलवायची?" साहेब म्हणूनच हाक मारतो. या दोन्ही गोष्टी एकाच पलटणीत, एकाच दिवशी घडतात. ज्याला यात लाचारी दिसते, त्याने पलटण आतून पाहिलेली नाही. शिवाय सॅल्यूट एकतर्फी नसतो. तुम्ही केलात की समोरच्याने तो परत करायचाच. मोबाइलमध्ये डोकं घालून नुसतं 'हं' करणारा अधिकारी माझ्या मते चुकतोच, आणि चांगले अधिकारी एखाद्या रिक्रूटचा सॅल्यूटही हातातली फाइल डाव्या हातात घेऊन नीट परत करतात.

निशानाचा मान वेगळा. पलटणीला राष्ट्रपतींकडून मिळालेलं निशान, म्हणजे पलटणीचा ध्वज, उघडं असेल, परेडवर चालत येत असेल, तर रँक कुठलीही असो, सॅल्यूट होतो. राष्ट्रध्वज चढवताना, उतरवताना किंवा परेडमधून जाताना वर्दीतल्यांनी सॅल्यूट करायचा आणि बाकी सगळ्यांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान उभं राहायचं, असं ध्वजसंहितेतच आहे. 15 ऑगस्टला शाळेत जाल तेव्हा पोरांना हेच शिकवा.

फील्डवर गेलात की मात्र सगळं उलटतं. शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात सॅल्यूट बंद. तुम्ही कुणाला सॅल्यूट केलात की समोरच्या डोंगरावरच्या स्नायपरला तुमचा अधिकारी कोणता हे कळलंच. ग्राउंडवर महिनोन् महिने घोटलेली सवय तिथे आवरता आली पाहिजे, आणि पहिल्या पोस्टिंगला जाणाऱ्या जवानाला हे सिनियर पुन्हा पुन्हा बजावतात.

नेव्ही आणि एअर फोर्सवाले दिसले तर त्यांचा हात वेगळा दिसेल, हसू नका. आपल्या आर्मीत तळवा समोर, म्हणजे हातात हत्यार नाही हे दाखवणं, असं सांगितलं जातं. नेव्हीत तळवा जमिनीकडे. जहाजावर डांबर-ग्रीसने काळे झालेले हात समोरच्याला दिसू नयेत म्हणून, अशी त्यांची जुनी समजूत. एअर फोर्सचा सॅल्यूट आधी आपल्यासारखाच होता, 2006 मध्ये त्यांनी तो बदलला, आता तळवा जमिनीशी 45 अंशांत असतो.

एका गोष्टीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय. आपल्या सातारा-कोल्हापूर-सांगलीकडे तिरंग्यात गुंडाळलेलं पार्थिव गावात येतं, तेव्हा पंचक्रोशी लोटते. सुट्टीवर आलेले जवान, भरतीची तयारी करणारी पोरं, एनसीसी कॅडेट, माजी सैनिक सगळे तिथे असतात. अशा वेळी काय करायचं, हे तुम्हाला नीट माहीत असलंच पाहिजे, कारण गाव तुमच्याकडे बघून वागतं. शवपेटीवर ध्वजाचा केशरी पट्टा डोक्याकडे असतो. वर्दीत टोपीसह असाल तर पार्थिव समोरून जाताना सॅल्यूट. साध्या कपड्यांत असाल तर सावधान, आणि हाताची हालचाल नाही. चितेजवळ टी-शर्टवर, उघड्या डोक्याने सॅल्यूट करून शेजारच्याला फोटो काढायला सांगणं, हे मला बघवत नाही. 'अमर रहे'च्या घोषणा जरूर द्या, पण तुकडी 'शोक शस्त्र' झाली, म्हणजे बंदुका उलट्या करून जवानांनी माना झुकवल्या, बंदुकांच्या फैरी झडल्या आणि बिगुलावर लास्ट पोस्ट, ही निरोपाची धून, सुरू झाली की जागच्या जागी उभं राहा आणि शेजारच्यांनाही हळूच गप्प करा. अग्नी देण्याआधी तिरंगा काढून घडी करतात आणि घरच्यांच्या हाती देतात, तो चितेवर जाऊ द्यायचा नसतो. गर्दीत एखादा आजोबा 'झेंडा काढू नका रे' म्हणून रडतो. त्यांना समजावून सांगायचं काम तुमचं.

कसम परेडचंही, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरच्या शपथेच्या परेडचंही विचारतात. शपथ झाली, आईवडिलांना गौरव पदक मिळालं, की पोरं ग्राउंडच्या कडेला धावतात, आईच्या डोक्यावर आपली टोपी ठेवतात आणि तिला सॅल्यूट करतात. आता टोपी आईच्या डोक्यावर गेली म्हणजे पोरगं उघड्या डोक्याने सॅल्यूट करतंय. नियमात हे बसत नाही. त्या क्षणी मी कुठल्याही रिक्रूटला टोकलं नाही आणि पुन्हा ग्राउंडवर उभा राहिलो तरी टोकणार नाही.

निघायला अजून थोडे दिवस असतील तर घरी एवढं करा. भिंतीकडे तोंड करून उभे राहा, नाक भिंतीपासून वीतभर लांब. आता उजवा हात बाजूने वर न्या. कोपर पुढे येत असेल तर लगेच भिंतीला आपटेल, आरशापेक्षा हे बरं. हात खाली आणायचा सराव मात्र भिंतीपासून दूर होऊन करा. रोज सकाळी पळून आल्यावर दहा मिनिटं पुरेत. सेंटरला गेल्यावर उस्ताद हे मोडून पुन्हा पहिल्यापासून बसवतील, तेव्हा "आमच्या अकॅडमीत असं शिकवलं होतं" हे तोंडातून काढू नका. सामान, डायरी, पाण्याची बाटली डाव्या हातात धरायची सवय आत्तापासून लावा. आणि नवी बेरे मिळाली की त्याच रात्री गरम पाण्यात भिजवून, डोक्यावर बसवून, उजवीकडे खाली दाबून तिला आकार द्या. सुकायला वेळ लागतो, आणि सकाळच्या फॉलिनला, म्हणजे रांगेत उभं राहायच्या वेळी, ती डोक्यावर नीट बसलेली लागते.