चमक विझली, पण कशामुळे?

चमकणारे पॉलिमर नॅनोकण एका सकाळीत बनतात. आपली चमक घटवून ते पिक्रिक आम्लासारखं रसायन खरोखर ओळखतात का, हे पडताळण्यात मात्र आठवडे जातात. म्हणून कृती थोडक्यात सांगते.

पीएफओ (एक पॉलिफ्लुओरीन) हे पॉलिमर टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या द्रावकात विरघळवा, १ मिलीला १ मिग्रॅ. ते टीएचएफनेच ५० पट पातळ करून ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टरमधून गाळा. सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी द्रव ढवळणाऱ्या यंत्रात) ८ मिली शुद्ध पाणी ठेवा आणि त्यात हे २ मिली द्रावण एका दमात सोडा. थेंबथेंब टाकलंत तर कण मोठे होतात. पृष्ठभागावर कार्बॉक्सिल गट हवे असतील तर सुरुवातीलाच थोडं पीएसएमए (ते गट देणारं दुसरं पॉलिमर) मिसळा. नायट्रोजनचे बुडबुडे सोडून टीएचएफ पूर्ण उडवा, कारण उरलेला टीएचएफ कणांना फुगवतो. पुन्हा गाळा. द्रावण नितळ दिसलं आणि यूव्ही दिव्याखाली निळं चमकलं, तर जमलं. गढूळ असेल तर टाकून द्या, त्यावर दिवस घालवू नका. टीएचएफ असलेलं काहीही पॉलिस्टायरीनच्या क्युवेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक कुपीत) ओतू नका, क्युवेटच विरघळेल. क्वार्ट्झची वापरा.

आता खरं काम. पिक्रिक आम्ल टाकत गेले तशी माझ्या कणांची चमक सुंदर रेषेत उतरत गेली. स्टर्न-व्होल्मर आलेख (रसायनाच्या प्रमाणानुसार चमक किती पट घटली ते दाखवणारा) पाहून मी दोन दिवस आनंदात होते. मग लक्षात आलं, पिक्रिक आम्ल पिवळं असतं! ते ३५५ नॅनोमीटरच्या आसपास जोरात प्रकाश शोषतं आणि त्याची शेपटी ४०० च्या पुढे जाते. मी ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने कणांना उत्तेजन देत होते, म्हणजे चमकवत होते. प्रकाश कणांपर्यंत पोचण्याआधीच वाटेत खाल्ला जात होता. याला इनर फिल्टर परिणाम म्हणतात, आणि या क्षेत्रात तो सर्वांत जास्त फसवतो असं माझं ठाम मत आहे.

म्हणून प्रत्येक नमुन्याचं शोषण उत्तेजनाच्या आणि उत्सर्जनाच्या, अशा दोन्ही तरंगलांबींवर मोजा. दोन्हींच्या बेरजेचं निम्मं घ्या, १० चा तितका घात काढा आणि त्याने मोजलेली तीव्रता गुणा. चमक अजूनही घटत असेल, तरच क्वेंचिंगचा, म्हणजे रसायनामुळे कणांची चमक खरोखर विझण्याचा, विचार करा. मग चमकेचं आयुर्मान, म्हणजे उत्तेजित अवस्था किती वेळ टिकते ते, मोजा. ते घटलं तर कण आणि रसायन यांच्यात उत्तेजित अवस्थेत काहीतरी घडतंय. तसंच राहिलं तर स्थिर क्वेंचिंग (कण आणि रसायन आधीच जोडले गेल्याने होणारं) असू शकतं, किंवा दुरुस्ती अपुरी पडलीय. शोषण फार वाढलं की हे सूत्रही पुरत नाही. नमुना पातळ करा.

सोबत एक ब्लँक मालिका चालवाच: पिक्रिक आम्लाऐवजी तेवढंच पाणी, तितक्याच वेळा, तितक्याच अंतराने. नुसत्या पातळ होण्याने आणि दिव्याच्या उजेडाने किती चमक गेली ते त्यातून कळतं. शोधमर्यादा (कमीत कमी किती रसायन ओळखता येतं) काढायला पिक्रिक आम्ल नसलेला कोरा नमुना निदान १० वेळा मोजा, प्रमाण विचलनाची तिप्पट करा आणि उताराने भागा. उतार दुरुस्त केलेल्या आलेखाचाच घ्या.

आणि पिक्रिक आम्ल कधीही कोरडं होऊ देऊ नका, ते स्फोटक आहे. बाटलीच्या झाकणाशी स्फटिक दिसले तर हात लावू नका, सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा.