रुग्णालयातील कर्मचारी मूल्यमापन : या चुका टाळा

मानांकनाची तपासणी जवळ आली की वर्षभर कपाटात पडलेले मूल्यमापनाचे अर्ज एका दुपारी भरून टाकणारी रुग्णालये मी सतत पाहतो, आणि नंतर तेच व्यवस्थापन परिचारिका टिकत नाहीत अशी तक्रार करते.

सर्वांत घातक चूक म्हणजे प्रामाणिकपणे कळवलेली चूक गुण कापण्यासाठी वापरणे. एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागातील परिचारिकेने औषधाची मात्रा चुकीची काढली गेल्याचे, ते रुग्णाला देण्यापूर्वीच, स्वतःहून लेखी कळवले. वार्षिक मूल्यमापनात ‘चुकांची संख्या’ या रकान्यात तिचे गुण गेले, वेतनवाढ अर्धी झाली, आणि 12 मे रोजी परिचारिका दिनाचा सन्मान ज्यांच्या नावावर एकही नोंद नव्हती त्यांना मिळाला. त्यानंतर त्या विभागातून अशा नोंदी येणेच थांबले. व्यवस्थापनाने याला सुधारणा मानले. प्रत्यक्षात चुका होतच होत्या, फक्त त्या रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी सांगणारे कोणी उरले नव्हते. ती परिचारिका राजीनामा देऊन गेली. मी घटनांच्या नोंदींची फाईल मूल्यमापनाच्या वेळी उघडूच देत नाही, आणि स्वतःहून कळवणाऱ्याचे त्याच आठवड्यात सर्वांसमोर आभार मानतो.

दुसरी चूक शेरा लपवण्याची. कामाच्या वार्षिक गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा सरकारी कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात 2008 मध्येच सांगितले आहे. खासगी रुग्णालयांनीही तोच पायंडा पाडावा. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याचा शेरा मी त्याचे काम रात्री वॉर्डात जाऊन पाहिल्याशिवाय लिहीत नाही. नव्या व्यवस्थापकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो आणि त्यांना दुसऱ्या उद्योगातील तयार गुणपत्रक हवे असते, ही घाई मला मान्य नाही.

डॉक्टरांचा मोबदला चाचण्यांच्या संख्येशी कधीही जोडू नये. बॉन्डमुळे, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारामुळे, थांबलेल्यांना निष्ठावान समजू नये.

बक्षीस एकट्यालाच देण्याचा हट्टही सोडावा, कारण वॉर्डातील मावशी आणि मामांनी वेळेवर स्वच्छता केली नाही, तर उत्तम परिचारिकेच्या रुग्णालाही जंतुसंसर्ग होतो. सरकारी रुग्णालयांना स्वच्छतेसाठी पारितोषिक देणाऱ्या केंद्र सरकारच्या 2015 पासूनच्या कायाकल्प योजनेत पारितोषिकाच्या रकमेतील 25 टक्के वाटा कर्मचाऱ्यांच्या चमूसाठी ठेवलेला आहे. खासगी रुग्णालयांनीही बक्षिसाची यादी करताना सफाई कर्मचाऱ्यांची नावे आधी लिहावीत.