अश्मीभूत लाकूड पारखावे आणि जपावे कसे

अश्मीभूत लाकडाचा तुकडा हाती आला की नजर आधी रंगावर जाते. संग्राहकाने मात्र सुरुवात आडव्या छेदापासून, म्हणजे खोडाला काटकोनात असलेल्या कापापासून, करावी, कारण लाल-पिवळे रंग साध्या अकीकातही भरपूर सापडतात. झाडाची रचना दगडात उतरलेली सर्वांत स्पष्ट दिसते ती येथेच. ती कशी वाचायची, हे कळण्यासाठी लाकडाचा दगड कसा होतो ते आधी पाहावे लागते.

जमिनीवर पडलेले झाड सहसा काही वर्षांत कुजून जाते. तेच झाड पुराच्या गाळात किंवा ज्वालामुखीच्या राखेत लवकर गाडले गेले, तर प्राणवायूच्या अभावी कुजण्याची क्रिया मंदावते आणि खनिजांना वेळ मिळतो. राखेतील काचेसारखे कण भूजलात विरघळतात व सिलिका (वाळूतील मुख्य घटक) असलेले पाणी लाकडात झिरपते. सिलिका प्रथम पेशीभित्तिकांवर बसते, मग पेशींच्या पोकळ्या भरते आणि भित्तिकांचा सेंद्रिय भाग जसजसा नष्ट होतो तसतशी त्याचीही जागा घेते. हा बदल इतका सूक्ष्म असतो, की मूळ लाकूड जवळजवळ उरत नाही, तरी त्याची घडण टिकते. सुरुवातीला ओपलच्या (पाणी धरून असलेल्या) रूपात असलेली सिलिका पुढे कॅल्सेडनी आणि क्वार्ट्झ या स्फटिकी रूपांत बदलते.

या सगळ्याला कोट्यवधी वर्षे लागतातच, हा समज अर्धाच खरा आहे. जपानमधील एका सिलिकायुक्त उष्ण झऱ्यात ठेवलेल्या लाकडाच्या तुकड्यांमध्ये ७ वर्षांतच लक्षणीय सिलिका साचल्याचे आढळले आहे. वेळ लागतो तो मुख्यतः ओपलचे क्वार्ट्झ होण्यास.

रंग येतो तो सिलिकेतील अशुद्धींमुळे. लोहाच्या ऑक्साइडांमुळे लाल, तपकिरी व पिवळ्या छटा येतात. काळ्या रंगामागे बहुधा कार्बन किंवा मँगनीज असते, तर क्वचित दिसणारा हिरवा रंग क्रोमियमचा असू शकतो. अ‍ॅरिझोनातील ट्रायासिक काळातले, २० कोटी वर्षांहून जुने ओंडके याच रंगांसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांतील अनेक ओंडके करवतीने कापल्यासारखे सरळ तुटलेले दिसतात. क्वार्ट्झ ठिसूळ असल्यामुळे जमीन उचलली जाताना त्यांना आडव्या भेगा गेल्या, एवढेच त्याचे कारण आहे.

आता प्रत्यक्ष पारख. क्वार्ट्झची घनता पाण्याच्या सुमारे २.६५ पट असल्याने तुकडा त्याच आकाराच्या लाकडापेक्षा खूपच जड लागतो, आणि खनिजांची कठीणता १ ते १० अशी सांगणाऱ्या मोस मापनावर त्याची कठीणता ७ असल्याने साध्या चाकूने ओरखडा उठत नाही. मात्र एवढ्यावरून तो दगड आहे इतकेच सिद्ध होते. पट्टेदार ऱ्हायोलाइट (एक ज्वालामुखी खडक) आणि काही वालुकाश्म हुबेहूब लाकडासारखे दिसतात, आणि नवखा संग्राहक फसतो तो येथेच.

म्हणून आडवा छेद पाण्याने ओला करावा आणि दहापट भिंग डोळ्याजवळ धरून तुकडा हळूहळू पुढे आणावा. नुसते पट्टे असतील, तर शंका घ्यावी. खऱ्या लाकडात वाढीच्या वलयांना छेदून केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या बारीक रेषा, म्हणजे मज्जाकिरण, दिसतात. त्या रेषांच्या दरम्यान सूचिपर्णी वृक्षांत जवळपास एकसारख्या पेशींच्या शिस्तबद्ध रांगा असतात. रुंदपर्णी वृक्षांत त्यांच्यामध्ये वाहिन्यांची मोठी छिद्रे उठून दिसतात. वलयेच नसतील आणि सर्वत्र ठिपके विखुरलेले असतील, तर तो ताडकुळातील वृक्ष असण्याची शक्यता मोठी. वलये नाहीत म्हणून तुकडा टाकून देऊ नये; ऋतुबदल सौम्य असलेल्या प्रदेशातील अनेक झाडांत ती स्पष्ट नसतात. काही तुकड्यांत लाकूड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांची बिळे अकीकाने भरलेली आढळतात. माझ्या मते रचना किंवा अशा खुणा टिकलेला फिकट तुकडा रचना पुसली गेलेल्या भडक तुकड्याहून कितीतरी सरस.

कुठून उचलावे, हा प्रश्न कायद्याचा आहे. अ‍ॅरिझोनातील पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानातून खडाही नेण्यास मनाई आहे. अमेरिकेतील काही सार्वजनिक जमिनींवर मात्र वैयक्तिक वापरासाठी दिवसाला २५ पौंड व एक तुकडा, आणि वर्षाला २५० पौंड, अशी मर्यादा आहे. जैसलमेरजवळील आकल आणि तमिळनाडूतील तिरुवक्करै येथील जीवाश्म उद्याने संरक्षित आहेत. विकत घेताना सापडल्याचे ठिकाण विचारावे; ते सांगता न येणारा तुकडा शोभेचा असू शकेल, पण अभ्यासाच्या दृष्टीने त्याची किंमत घटते.

स्वच्छतेसाठी पाणी आणि मऊ ब्रश पुरेसे असतात. आम्ल वापरण्याचा मोह टाळावा. सर्वच लाकूड सिलिकेचे नसते. न दिसणाऱ्या कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून बुडबुडे आले, तर तुकडा कॅल्साइटचा (चुनखडीतील खनिजाचा) आहे आणि आम्लात त्याची रचनाच विरघळेल. ओपलयुक्त लाकडात पाणी असते, त्यामुळे ते उष्णता आणि कडक उन्हापासून दूर ठेवावे, अन्यथा तडे जातात. पायराइट (लोह व गंधकाचे खनिज) असलेला तुकडा दमट हवेत भुकटी होऊन ढासळतो, म्हणून तो कोरड्या बंद डबीत ठेवावा.

कापायचे असल्यास हिऱ्याच्या कणांची करवत वापरावी आणि पाण्याचा प्रवाह सतत चालू ठेवावा. सिलिकेची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते, म्हणून ओल्या कामातही योग्य मुखपट्टी हवीच. पहिला छेद खोडाला काटकोनात घ्यावा. नंतर सिलिकॉन कार्बाइडच्या जाड भुकटीकडून बारीक भुकटीकडे जात घासावे आणि शेवटची चकाकी सेरियम ऑक्साइडने आणावी. आधीच्या पायरीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढची भुकटी घेऊ नये, कारण राहिलेला ओरखडा चकाकीत अधिकच उठून दिसतो. सालीकडची बाजू मात्र घासू नये: फांद्यांच्या गाठी आणि किड्यांच्या खुणा तिच्यावरच टिकलेल्या असतात, आणि ठिकाण नोंदवलेला क्रमांक लिहिण्यासाठीही त्याच बाजूचा एखादा सपाट कोपरा सोयीचा पडतो.