परदेशात जाताना फोनचं काय करायचं? नाशिकहून निघण्याआधीपासून परत येईपर्यंत

आमच्या इंदिरानगरातल्या एक काकू मुलीच्या बाळंतपणासाठी पाच महिने अमेरिकेला गेल्या होत्या. पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी जावयांनी तिथलं सिम आणून फोनमध्ये घातलं आणि नाशिकचं सिम एका पाकिटात घालून कपाटात ठेवलं. व्हॉट्सअ‍ॅप चालत होतं, रोज व्हिडिओ कॉल होत होते, कुणाला काही कमी जाणवलं नाही. चौथ्या महिन्यात इकडच्या बँकेतून पैसे वळवायची वेळ आली आणि ओटीपी काही येईना. पाकिटातलं सिम शोधून घातलं तर रिचार्ज कधीच संपलेला, रोमिंग तर सुरूच केलेलं नव्हतं. काम अडकलं ते काकू परत येईपर्यंत अडकलंच.

तेव्हापासून कुणी परदेशी निघालं की मी आधी एकच गोष्ट सांगतो: नंबर आणि नेट या दोन वेगळ्या गरजा आहेत. नंबर आपला भारतातलाच जिवंत ठेवायचा. नेट जिथून सोयीचं पडेल तिथून घ्यायचं. दोन्हींचा विचार वेगवेगळा केला की बाकीचे निर्णय सोपे होतात.

आधी फोन बघा (निघण्याच्या दोन आठवडे आधी)

फोनवर *#०६# डायल करा. आयएमईआयच्या (प्रत्येक फोनच्या ओळख क्रमांकाच्या) जोडीला ईआयडी नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला, तर तुमच्या फोनमध्ये ई-सिम चालतं, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्ये उतरवून घेता येणारं सिम. ईआयडी दिसला नाही तर सिमचे खण किती आहेत ते बघा. दोन असतील तरी काम भागतं. एकच खण आणि ई-सिमही नाही, असा फोन असेल तर घरातला एखादा जुना स्मार्टफोन सोबत घ्या. एकात भारतीय सिम, दुसऱ्यात तिकडचं.

अमेरिकेतून भाच्याने किंवा मुलाने आणलेला आयफोन नाशिकमध्ये बऱ्याच घरांत असतो. २०२२ च्या आयफोन १४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा खणच नाही, सगळं ई-सिमवर. असा फोन घेऊन थायलंडला गेलात आणि विमानतळावर कार्डवालं सिम विकत घेतलंत तर ते घालायला जागा नाही. तिथल्या काउंटरवर ई-सिमच मागायचं. भारतात विकल्या जाणाऱ्या नेहमीच्या आयफोनमध्ये एक कार्ड आणि ई-सिम अशी सोय २०१८ पासून आहे.

साधा बटणांचा किंवा फार जुना फोन अमेरिकेला नेऊ नका. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं. फोरजीवरून बोलणं ज्याला जमत नाही, तो फोन तिथे नुसता खिशात राहतो.

आणखी एक. कार्डाची जागा मोकळी करण्यासाठी भारतीय सिम ई-सिममध्ये बदलून घेणार असाल तर ते आठ-दहा दिवस आधी उरका. सिम बदललं की सुरक्षेसाठी पुढचे २४ तास त्यावर एसएमएस बंद असतात. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हा उद्योग केला तर नेमक्या त्या रात्री ओटीपी येणार नाही, आणि प्रवासाच्या आदल्या रात्री ओटीपी हमखास लागतो.

भारतीय नंबर जिवंत ठेवा

वैष्णोदेवीला गेलेल्यांना आठवत असेल, आपलं महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मूकडे मुकं होतं. परदेशातही तसंच: आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू केलेलं नसेल तर सिम फोनमध्ये असूनही रेंज येत नाही. ते निघण्याआधी कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा स्टोअरमध्ये जाऊन सुरू करा. प्रीपेड असेल तर तिथे स्पष्ट विचारा, ‘मी अमुक देशात चाललोय, मला फक्त एसएमएस यायला हवेत, त्यासाठी वेगळा रिचार्ज लागेल का?’ उत्तर कंपनीगणिक आणि देशागणिक बदलतं.

रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला आपल्या कंपन्या साधारणपणे पैसे लावत नाहीत. आलेला कॉल पॅक नसताना उचलला तर मात्र लागतात, तेही दर मिनिटाला. म्हणून भारतीय सिम फोनमध्ये असू द्या, त्याचं नेट बंद ठेवा, ओळखीचा नंबर दिसला तर कॉल न उचलता व्हॉट्सअ‍ॅपवरून परत करा.

रिचार्जची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे जाईल अशी बघा. सलग ९० दिवस न वापरलेला प्रीपेड नंबर कंपनी बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. ज्या नंबरला बँक, आधार, गॅस, विमा सगळं जोडलेलं आहे, त्याचं असं होऊ देऊ नका. पाच-सहा महिने जाणाऱ्या आईवडिलांसाठी वर्षभराचा रिचार्ज करून टाकणं मला सगळ्यात निश्चिंतीचं वाटतं.

यूपीआयचीही काळजी इथेच घ्या. यूपीआय अ‍ॅप नोंदणीच्या वेळी त्याच सिमवरून एसएमएस पाठवून फोनशी बांधलं जातं. सिम काढलं, फोन बदलला किंवा अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं की बहुतेक वेळा नोंदणी नव्याने करावी लागते. ते परदेशात करत बसणं जिकिरीचं आहे. म्हणून नवा फोन घ्यायचा असेल तर एक महिना आधी घ्या, किंवा परत आल्यावर. नेपाळ, भूतान, मॉरिशस, श्रीलंका अशा काही देशांत भारतीय यूपीआयने क्यूआर स्कॅन करून पैसे देता येतात, पण त्यासाठी अ‍ॅपमध्ये ‘यूपीआय इंटरनॅशनल’ आधी सुरू करावं लागतं.

नेट कुठून घ्यायचं?

तीन वाटा आहेत आणि त्यातली कुठलीच सगळ्यांसाठी बरोबर नाही.

पहिली, आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक. महाग, पण बिनकटकटीचा. उतरलात की फोन चालू, दुकान शोधायला नको, नंबर तोच. चार-पाच दिवसांचं काम असेल, किंवा वयस्कर मंडळी टूर कंपनीबरोबर चालली असतील तर मी हाच सुचवतो. घेताना तीन गोष्टी वाचा. तुमचा देश यादीत आहे का; तिथल्या कोणत्या नेटवर्कवर पॅक चालतो; आणि ‘एक दिवस’ म्हणजे सुरू केल्यापासून २४ तास की घड्याळाप्रमाणे मध्यरात्रीपर्यंत. रात्री अकराला उतरून पॅक सुरू झाला आणि बाराला दिवस संपला, असं व्हायला नको.

चीनला कामासाठी जाणाऱ्यांना या पॅकचा आणखी एक उपयोग. तिथल्या स्थानिक सिमवर गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप बंद असतं. रोमिंगमध्ये तुमचं नेट साधारणपणे आपल्या मूळ कंपनीमार्फत फिरून येतं, त्यामुळे ते चालतं. फोन तोच, शहर तेच, पण सिम कुठलं यावर घरच्यांशी बोलणं होईल की नाही हे ठरतं.

दुसरी वाट, तिकडचं स्थानिक सिम. दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर बहुतेक वेळा हेच स्वस्त. बँकॉक, सिंगापूरसारख्या विमानतळांवर पर्यटकांसाठी काउंटर असतात. पासपोर्ट दाखवावा लागतो. सिम घातल्यावर लगेच निघू नका. काउंटरवरच्या माणसासमोर नकाशा उघडून बघा, चालला तर पुढे जा.

युरोपचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडून तिकडे जाणारे दोन प्रकारचे लोक आहेत आणि दोघांचं गणित वेगळं आहे. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडचे द्राक्ष निर्यातदार नेदरलँड्समध्ये माल बघायला जातात, फेब्रुवारीत बर्लिनच्या फ्रूट लॉजिस्टिका प्रदर्शनाला जातात. त्यांच्यासाठी युरोपीय संघाचा एक नियम फार सोयीचा आहे. १५ जून २०१७ पासून संघातल्या एका देशाचं सिम संघातल्या दुसऱ्या देशात जादा रोमिंग शुल्काशिवाय चालतं. रॉटरडॅमला घेतलेलं सिम बर्लिनमध्येही चालेल, फक्त बाहेरच्या देशात किती जीबी वापरता येईल याची मर्यादा विचारून घ्या.

दुसरे, पॅरिस-स्वित्झर्लंड-इटली अशी सहल करणारे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. फ्रान्समध्ये घेतलेलं ‘युरोप’चं सिम तिथे चालेलच असं नाही, किंवा वेगळा दर लागू शकतो. सगळे फोटो आणि व्हिडिओ तर तिथूनच पाठवायचे असतात! म्हणून पॅकवर नुसतं ‘युरोप’ लिहिलेलं पाहून घेऊ नका, देशांची यादी उघडा आणि त्यात स्वित्झर्लंड हे नाव डोळ्यांनी वाचा. लंडन सहलीत असेल तर ब्रिटनचंही नाव शोधा, तोही आता संघात नाही. जिनिव्हासारखं शहर अगदी सीमेवर आहे, तिथे फोन आपोआप शेजारच्या देशाचं नेटवर्क पकडतो. तिथे नेटवर्क हाताने निवडून ठेवलेलं बरं.

तिसरी वाट, प्रवासी ई-सिम. ऑनलाइन पैसे भरायचे, आलेला क्यूआर कोड स्कॅन करायचा, झालं. अनेक देशांच्या सहलीला हे सुटसुटीत पडतं. यातली बरीच फक्त नेट देतात, बोलायचा नंबर देत नाहीत. विकणारा कोण आहे तेही बघा. परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. ती नसल्याच्या कारणावरून जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही दोन अ‍ॅप भारतातल्या अ‍ॅप स्टोअर आणि प्ले स्टोअरवरून काढली गेली होती. परवानगी असलेल्या विक्रेत्याकडून इथेच घ्या, किंवा उतरल्यावर तिथल्या कंपनीकडून.

ई-सिम घरच्या वायफायवर आदल्या दिवशी उतरवून ठेवा. क्यूआर कोड दुसऱ्या स्क्रीनवर किंवा कागदावर असलेला बरा, ज्या फोनमध्ये घालायचंय त्याच फोनवर उघडलेला कोड प्रत्येक फोनला घेता येतोच असं नाही. बहुतेक कोड एकदाच चालतात, म्हणून ‘चालत नाहीये’ म्हणून घाईने ई-सिम डिलीट करू नका. मुदत केव्हापासून मोजतात, उतरवल्यापासून की तिथल्या नेटवर्कला जोडल्यापासून, हे घेतानाच विचारा.

सेटिंग: आदल्या संध्याकाळी, शांतपणे बसून

सिमना नावं द्या, ‘भारत’ आणि ‘प्रवास’. मोबाईल डेटा ‘प्रवास’वर ठेवा. ‘भारत’चं डेटा रोमिंग बंद. आता एक गंमत, जिथे खूप जण अडकतात: प्रवासी ई-सिमचं डेटा रोमिंग बऱ्याचदा चालू ठेवावं लागतं, कारण ते सिम स्वतःच तिथे पाहुणं असतं. रोमिंग म्हणजे खर्च, या भीतीने लोक ते बंद ठेवतात आणि पैसे भरूनही नेट येत नाही.

आयफोनवर ‘अलाऊ सेल्युलर डेटा स्विचिंग’ नावाचा पर्याय असतो, काही अँड्रॉइड फोनमध्येही तसाच. तो बंद करा. चालू राहिला तर एका सिमची रेंज गेली की फोन दुसऱ्या सिमवरून नेट घेऊ शकतो, आणि ते भारतीय सिम असलं तर बिल वाढतं.

फोटोंचा बॅकअप आणि अ‍ॅपची अपडेट फक्त वायफायवर ठेवा. गूगल मॅपमध्ये त्या शहराचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. फोनमधले नंबर +९१ लावून साठवा. बँकेचा १८०० ने सुरू होणारा नंबर परदेशातून सहसा लागत नाही, म्हणून परदेशातून लावायचा वेगळा नंबर शोधून ठेवा. नवं सिम घातल्यावर व्हॉट्सअ‍ॅपने नंबर बदलायचा का विचारलं तर नाही म्हणा. जुनाच नंबर चालतो.

निघाल्यावर आणि उतरल्यावर

नाशिकच्या ओझर विमानतळावरून परदेशाची थेट सोय नसल्याने आपल्याला मुंबई गाठावी लागते. ‘गाडीत बसल्यावर करू’ असं ठरवू नका. कसारा घाटात रेंज येते-जाते आणि पैसे भरताना मधेच अडकतं. हे सगळं घरून उरकून निघा.

विमानात फोन एअरप्लेन मोडवरच असू द्या. समुद्रातल्या क्रूझवर तर नक्कीच. जहाजावरचं नेटवर्क उपग्रहावरून येतं, ते नेहमीच्या पॅकमध्ये बसेलच असं नाही.

उतरल्यावर मोड काढा आणि पाच मिनिटं थांबा. रेंज आली नाही तर फोन बंद करून चालू करा, तरी नाही तर सेटिंगमध्ये जाऊन पॅकवर नाव असलेलं नेटवर्क हाताने निवडा. दहातल्या नऊ अडचणी इथे सुटतात. दुबईला व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज चालतात, कॉल लागत नाहीत. हे घरी आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पोरगा उतरला की नाही या काळजीने ती रात्रभर जागी राहील.

परत मुंबईत उतरलात की मोबाईल डेटा ‘भारत’वर आणा, यूपीआयने दहा रुपये कुणाला पाठवून बघा, ते गेले की मगच प्रवासी ई-सिम काढा.

काकू यंदा पुन्हा चालल्यात, नात वर्षाची होतेय. या वेळी दोन खणांचा फोन आहे आणि रिचार्ज वर्षभराचा. पासपोर्टच्या पाऊचमध्ये मी एक कागद ठेवायला सांगितलाय: मुलीचा नंबर देशाच्या कोडसकट, तिचा पत्ता, बँकेचा परदेशातून लागणारा नंबर, आणि नाशिकला माझा. फोनची बॅटरी संपली तर कुणाच्याही फोनवरून लावता येईल असा, मोठ्या अक्षरात लिहिलेला.