जुन्या शक्तिमान ट्रकची नवी सीलही गळते? शाफ्ट तपासा

चाकाच्या हबची ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) नवी घातली तरी तेल झिरपतंच, कारण जुन्या सीलच्या ओठाने (शाफ्टला टेकणाऱ्या कडेने) शाफ्टवर चर पाडलेली असते. लगेच शाफ्ट बदलू नका. जबलपूरच्या या ट्रकचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत.

१. शाफ्ट डिझेलने पुसून चरीवर नख फिरवा.
२. नख जेमतेम अडकलं, तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर गोल फिरवा. लांबीत मुळीच नाही, त्या रेघांतूनच तेल बाहेर येतं.
३. नवी सील २-३ मिमी अलीकडे बसवा. ओठ कोऱ्या जागेवर येतो. ओठाला आधी ग्रीस लावा.

चर खोल असेल तर नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत लेथवाल्याकडून पातळ स्टीलची स्लीव्ह (नळीसारखं कवच) चढवून घ्या.

सील सरकवताना तेल परतीचं भोक झाकलं जाणार नाही, हे नक्की बघा.