सिंहगड रायगडाशेजारी: वेब नकाशात अक्षांश-रेखांश कसे भरावेत

वेब नकाशावर ठिपका ठेवणं पाच मिनिटांचं काम आहे, असं सांगणारे लेख ढिगाने सापडतात. खोटं नाही ते. ठिपका बरोबर जागी ठेवायला मात्र मला पहिल्या खेपेला तीन आठवडे लागले, आणि त्यातले अडीच आठवडे तो चुकलाय याचाच पत्ता नव्हता. म्हणून कोड थोडक्यात उरकतो आणि आकड्यांवर बोलतो. उदाहरण किल्ल्यांचं, कारण माझा नकाशा किल्ल्यांचा होता. तुमच्याकडे मिसळीची दुकानं असतील, देवराया असतील, रीत तीच.

नकाशा उभा करा

लीफलेट घ्या, म्हणजे वेब पानावर नकाशा दाखवणारी जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी. हलकं आहे, फुकट आहे, २०११ पासून चालतंय. पार्श्वभूमीला ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या टाइल्स, म्हणजे चौकोनी तुकडे, लावा आणि खालच्या कोपऱ्यातला त्यांचा श्रेयाचा मजकूर काढू नका. एवढं तुम्हाला येतंच असं धरून पुढे जातो.

यादी बनवा

एका ओळीत एक ठिकाण. रकाने पाच: नाव, मूळ आकडा जसा मिळाला तसा, अक्षांश, रेखांश, आणि आकडा कुठून आला ते. दुसरा आणि पाचवा रकाना लोक गाळतात. गाळू नका. मूळ आकड्यावरच दुरुस्ती करत बसलात तर महिन्याने चूक सापडेल, पण ती कुठे शिरली ते सापडणार नाही.

आकडे एका साच्यात आणा: इथेच सगळे पडतात

अक्षांश-रेखांश तीन पोशाखांत येतात. पहिला, अंश-मिनिटं-सेकंद: १८° २१′ ५६″. दुसरा, अंश आणि दशांश मिनिटं: १८° २१.९३३′. हातातली जीपीएस यंत्रं बरेचदा असा देतात. तिसरा, निव्वळ दशांश अंश: १८.३६५५६. वेब नकाशाला फक्त तिसरा कळतो.

आता माझी गोष्ट. आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपने मिळून किल्ल्यांची यादी केली होती. कोणी फोनवरून आकडे घेतले, कोणी जुन्या वहीतून. वहीवाल्याने सिंहगडासमोर लिहिलं होतं १८° २१′ ५६″ उत्तर, ७३° ४५′ १९″ पूर्व. शीटमध्ये अंशाची खूण टाइप करायचा कंटाळा, म्हणून ज्याने ते उतरवलं त्याने टाकलं १८.२१५६ आणि ७३.४५१९. दिसायला अगदी दशांश अंश. मीही डोळे मिटून नकाशावर चढवलं.

सिंहगड कुठे गेला? खऱ्या जागेपासून सुमारे ३६ किलोमीटर, थेट घाट उतरून, रायगडाच्या आग्नेयेला दोन-अडीच किलोमीटरवर. समुद्रात गेला असता तर त्याच संध्याकाळी दिसलं असतं. पण तो सह्याद्रीतच राहिला, एका खऱ्या किल्ल्याच्या शेजारी. त्यात मी हौसेने ठिपक्यांचे घोळके करणारं प्लगइन लावलं होतं, म्हणजे जवळजवळचे ठिपके एका गोलात आणि गोलावर त्यांची संख्या. रायगडावरच्या गोलात ३ दिसायचं. मी मनाशी म्हणायचो, एक रायगड, एक लिंगाणा, तिसरा कुठला तरी असेल. अडीच आठवडे तो ‘कुठला तरी’ म्हणजे सिंहगड होता. शेवटी ग्रुपमधल्या एका काकांनी फोन केला: “अरे, पुण्याच्या अंगाला सिंहगडच नाहीये. तू काढून टाकलास का?”

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की जी चूक ओरडते तिची भीती नको. जी चूक शेजारच्या गावात जाऊन गुपचूप बसते तिच्यासाठी सापळा लावा. ‘झूम करून एकदा बघून घ्या’ हा सल्ला जिथे तिथे देतात, त्याने असली चूक सापडत नाही. बघणाऱ्याला डोंगरात डोंगर दिसतो आणि त्याचं समाधान होतं.

गफलत कशी होते ते समजून घ्या. हा साठाचा हिशेब आहे, शंभराचा नाही. पंचांगात अंश-कला-विकला पाहिलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. बाकीच्यांनी घड्याळ आठवावं: घड्याळात साडेदहा म्हणजे १०.३०, पण तास मोजताना साडेदहा तास म्हणजे १०.५. तेच इथे. सूत्र असं:

दशांश अंश = अंश + (मिनिटं ÷ ६०) + (सेकंद ÷ ३६००)

सिंहगडाचं करून पाहू. २१ भागिले ६० म्हणजे ०.३५. ५६ भागिले ३६०० म्हणजे ०.०१५५६. बेरीज १८.३६५५६. रेखांशाचे ४५ भागिले ६० म्हणजे ०.७५, १९ भागिले ३६०० म्हणजे ०.००५२८, बेरीज ७३.७५५२८. दशांश मिनिटांच्या पोशाखात सेकंद वेगळे नसतातच, तेव्हा फक्त ६० ने भागा आणि थांबा. २१.९३३ भागिले ६० म्हणजे ०.३६५५५, झालं काम. ‘जे दिसेल ते ३६०० ने भागा’ असं करणारेही पाहिलेत.

आता सापळा. यादीतल्या सगळ्या आकड्यांमध्ये दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन अंक बघा. खऱ्या दशांश अंशात तिथे ०० ते ९९ काहीही येतं. मिनिटं असतील तर ५९ च्या वर जाणारच नाही. चाळीस ठिकाणं म्हणजे ऐंशी आकडे, आणि त्यात एकदाही ६० किंवा त्याहून मोठी जोडी नसेल तर डोळे झाकून समजा, ही मिनिटं आहेत. पुढच्या दोन अंकांनाही हीच कसोटी लावा. जिल्ह्याएवढ्या छोट्या भागातली यादी असेल तर पहिली जोडी मुळात फारशी हलत नाही, तिथे ही दुसरी जोडीच खरं बोलते.

माझी अडचण याहून वाईट होती: अर्धी यादी बरोबर, अर्धी चूक. म्हणूनच पाचवा रकाना. यादी ‘कुठून आला’ प्रमाणे लावा आणि प्रत्येक गट्ठा वेगळा तपासा. वहीवाला गट्ठा बाजूला काढला आणि ६० च्या वर एकही जोडी नाही हे दहा सेकंदांत दिसलं. त्याच गट्ठ्यात आणखी चार किल्ले निघाले. त्यांची नावं सांगत नाही, त्यातले दोन मीच उतरवले होते.

याच टप्प्यावरच्या आणखी काही खोड्या. आकडे इंग्रजीच हवेत. इथे लेखात मी १८.३६५५६ असं देवनागरीत लिहितोय, ते तसंच फाइलमध्ये चिकटवू नका. मराठी कीबोर्डवरून भरलेला आकडा शीटमध्ये गोंडस दिसतो, पण जावास्क्रिप्टच्या लेखी तो आकडाच नाही आणि लीफलेट तिथल्या तिथे चूक दाखवून थांबतं. ही ओरडणारी चूक, म्हणून बरी. रिकामा रकाना त्याच्या उलट. काही पद्धतींत रिकाम्याचं शून्य होतं, आणि शून्य अंश-शून्य अंश हे आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातातलं पाणी आहे. तुमचा एखादा किल्ला दिसत नसेल तर आधी तिथे शोधा.

दशांशानंतर किती अंक ठेवायचे? पाच. पाचवा अंक म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर, चौथा म्हणजे अकरा मीटर. मोकळ्या आकाशाखालीही फोनचा जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे होतो, कड्याच्या पोटात त्याहून जास्त. असं असताना नऊ अंकी आकडा मिरवण्यात काय अर्थ आहे?

जुन्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवरून आकडे काढणार असाल तर एक गोष्ट वेगळी. पृथ्वीचा आकार कसा धरायचा याची मापं वेगवेगळी असतात: ते नकाशे एव्हरेस्ट गोलाभ या जुन्या मापावर आधारलेले आहेत आणि वेब नकाशे जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ वर. पुण्याच्या परिसरात दोन्हींत शंभर-दीडशे मीटरचा फरक पडतो. किल्ल्याला चालून जाईल, पाण्याच्या टाक्याला नाही. २००५ च्या नकाशा धोरणानंतरची खुली मालिका डब्ल्यूजीएस ८४ वरच आहे, ती मिळाली तर तीच घ्या.

क्रम: आधी कोण, मग कोण

लीफलेटला आधी अक्षांश, मग रेखांश हवा. जिओजेसन फाइलीत, म्हणजे ठिकाणं साठवायच्या एका प्रचलित साच्यात, नेमकं उलट: आधी रेखांश, मग अक्षांश. गूगल अर्थच्या केएमएल फाइलीत तसंच, मॅपलिब्रे या लीफलेटसारख्याच दुसऱ्या लायब्ररीतही तसंच. हे असं का, यावर वाद घालण्यात मी एक संध्याकाळ घालवली आहे, तुम्ही घालवू नका.

एक तपशील मात्र लक्षात ठेवा. लीफलेटला अख्खी जिओजेसन फाइल तिच्यासाठीच्या फंक्शनमधून दिलीत तर अदलाबदल ते स्वतःच करतं. तुम्ही आधी हाताने केलीत तर दोनदा उलटून काम बिघडतं. हाताने उलटवायचं ते फक्त फाइलमधला एकेक बिंदू स्वतः उचलून ठिपका करताना.

क्रम उलटला तर काय दिसतं? रायगडाचे १८.२३ आणि ७३.४४ उलटे करा, रायगड नॉर्वेच्या उत्तरेला बेअर बेटाच्या दक्षिणेकडच्या थंड समुद्रात जातो. नागपूर तर स्वालबार्डपाशी पोचतं. नकाशा उघडल्यावर महाराष्ट्र रिकामा आणि आर्क्टिकमध्ये ठिपक्यांची जत्रा असेल तर घाबरू नका, क्रम बदला. कोणी चूक दाखवणार नाही, कारण महाराष्ट्राचा रेखांश ७२ ते ८१ च्या दरम्यान, म्हणजे ९० च्या आत आहे, आणि ९० पर्यंतचा आकडा अक्षांश म्हणून चालतो. गुवाहाटीचे ९१.७ उलटे घातले तर मॅपलिब्रे लगेच तक्रार करतं. आपल्याला ती सोय नाही.

भारतापुरता नियम मात्र सोपा आहे: लहान आकडा अक्षांश, मोठा आकडा रेखांश. अक्षांश ३७ च्या फार वर जात नाही, रेखांश ६८ च्या खाली येत नाही. शीटमध्ये एक अट टाका, अक्षांशाच्या रकान्यात ४० पेक्षा मोठं काही आलं की खाना लाल. एवढं पुरतं.

परदेशातल्या मंडळींना हा नियम चालणार नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनचा गणेशोत्सव नकाशावर दाखवायचा असेल तर ४०.५२ आणि उणे ७४.४१. पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह राहिलं तर गणपती किर्गिझस्तानच्या डोंगरात बसतो. ‘७४.४१ पश्चिम’ असं अक्षरात लिहिलेलं असेल तर अक्षर काढताना उणे लावायचं, नुसतं अक्षर पुसायचं नाही.

ठिपका नेमका कुठे

किल्ला म्हणजे बिंदू नव्हे. राजगडाला तीन माच्या आणि वर बालेकिल्ला. ठिपका बालेकिल्ल्यावर ठेवला की दिसतो छान, पण गाडीने येणारा माणूस त्यावरून रस्ता विचारतो, आणि ॲप त्याला सरळ रेषेत जवळ पडणाऱ्या कुठल्याही रस्त्याच्या टोकाला नेऊन सोडतं. मी आता दोन ठिपके ठेवतो: एक गडावर, एक गुंजवण्यासारख्या पायथ्याच्या गावात, आणि दोघांचे रंग वेगळे.

चढवण्याआधी

घोळके करणारं प्लगइन बंद करा. सगळे ठिपके सुटे दिसू देत. यादीत जितकी ठिकाणं, तितके ठिपके मोजा. मग एकेकावर जाऊन उपग्रहाचं चित्र लावा आणि अशी खूण शोधा जी फक्त तिथेच आहे. ‘डोंगर दिसतोय’ ही खूण नव्हे. सिंहगडावर मी दूरदर्शनचा मनोरा शोधतो, मनोरा दिसला की पुढच्या किल्ल्यावर. प्रत्येकाला अर्धा मिनिट लागतं. मनोरा नाही दिसला तर पाचवा रकाना उघडायचा आणि तो आकडा ज्याने दिला त्याला फोन लावायचा. काकांच्या फोनची वाट बघायची नाही.