रॅचेट पान्यांचा सेट घेताना या चुका टाळा

रॅचेट पाना एकदा वापरला की साधा रिंग पाना उचलायला नको वाटतं. याच्या रिंगमध्ये दातेरी चाक असतं, ते एका दिशेला बोल्ट फिरवतं आणि उलट दिशेला मोकळं सरकतं. बोल्टवर बसवायचा आणि नुसता मागे-पुढे हलवत राहायचं, दर वेळी काढा-घाला करायची कटकट नाही. सेट निवडताना मात्र बहुतेकांचं लक्ष चकाकी, नगांची संख्या आणि दात्यांचा आकडा यांवरच असतं. पाना अडचणीच्या जागेत शिरतो का आणि काम झाल्यावर तिथून बाहेर निघतो का, हे कुणी बघत नाही. खरी पंचाईत तिथेच होते.

खटका हवा की नको, हे न ठरवता सेट घेणं

रिंगमध्ये रॅचेट असलेले कॉम्बिनेशन पाने (एका टोकाला रिंग, दुसऱ्या टोकाला उघडं तोंड) दोन तऱ्हेचे मिळतात. एकाला दिशा बदलायचा खटका नसतो. कसायचं असेल तर एक बाजू, सोडायचं असेल तर पाना उलटा करून दुसरी. दुसऱ्याला रिंगजवळ छोटा खटका असतो. बिनखटक्याचं डोकं सहसा बारीक असतं आणि आत बिघडण्यासारखं फारसं काही नसतं, म्हणून तो चांगला वाटतो. वाटतो तसा असतोही, फक्त एक जागा सोडून.

समजा, एम ८ चा, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचा लांब बोल्ट सोडायचाय आणि बोल्टच्या डोक्यासमोर थोड्याच अंतरावर पत्रा आहे. या बोल्टचे नेहमीचे आटे सव्वा मिलिमीटरचे, म्हणजे आठ फेऱ्यांत बोल्ट एक सेंटीमीटर बाहेर येतो आणि पान्यालाही सोबत पत्र्याकडे ढकलत नेतो. डोक्याची उंची पाच मिलिमीटरच्या थोडी वर. पाना काढायचा तर तेवढी जागा समोर मोकळी हवी. ती संपली की पाना निघत नाही. बोल्ट परत आत घ्यावा म्हटलं, तर त्या दिशेला पाना नुसता करकरतो. बोल्ट पक्कडीत धरून आत फिरवायला गेलात, तर पानाही त्याच्याबरोबर फिरतो आणि दांडा कुठेतरी अडतो. शेवटी समोरचा पत्राच सोडावा लागतो. खटक्याचा पाना असता तर दिशा बदलून चार फेरे आत घेतले असते, की सुटलात.

त्यामुळे इंजिनच्या आसपास किंवा यंत्राच्या पोटात हात घालून करायची कामं जास्त असतील, तर खटक्याचाच सेट घ्यावा असं माझं मत. त्याचं डोकं थोडं जाड असतं आणि कधी कधी धक्का लागून खटका आपोआप पडतो, पण तेवढं चालवून घेता येतं. हाताशी बिनखटक्याचा असेल, तर बोल्ट सैल होताच पाना काढा आणि उरलेले आटे बोटांनी सोडा.

दात्यांच्या आकड्याला भुलणं

७२ दात्यांचा पाना दर ५ अंशांवर पकडतो, ९० दात्यांचा दर ४ अंशांवर. एका अंशाच्या फरकासाठी इतका हट्ट कशाला? बारा कोनांच्या साध्या रिंग पान्याला पुन्हा बसवण्याआधी ३० अंश फिरायला जागा लागते. खरी उडी ३० वरून ५ वर येते तीच.

त्यापेक्षा मागे येताना पाना किती हलका चालतो ते बघा. बोल्टवर नट नुसता हाताने चढवा, पाना लावा आणि दांडा उलट दिशेला न्या. नट जागेवर राहिला आणि फक्त टकटक ऐकू आली, तर पाना चांगला. नटही पान्यामागून फिरला, तर रॅचेट जड आहे. मग सैल नट प्रत्येक वेळी बोटाने दाबून धरावा लागेल आणि जिथे बोट पोचत नाही तिथे काम अडेल.

मापांतली भोकं

नग भरपूर, पण मधली मापं गायब असे सेट पुष्कळ असतात. १६ आणि १८ मिलिमीटर ही नेहमीची गळालेली मापं. एम ६ ला १० चा पाना लागतो आणि एम ८ ला १३ चा, पण एम १० ला मानकाप्रमाणे १६ किंवा १७ लागतो. जपानी गाड्यांत एम ८ ला १२ आणि एम १० ला १४ सर्रास भेटतो. म्हणून ८ ते १९ सलग असलेला लहान सेट बरा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना बसतो खरा, पण जोर लावला की कोपरे गोल करतो. पाऊण इंच आणि १९ मात्र एकमेकांना चालून जातात.

जोराचं काम रॅचेटकडून करून घेणं

गंजून बसलेला बोल्ट आधी साध्या रिंग पान्याने किंवा षट्कोनी गोटीने (सॉकेटने) हलवा, मग रॅचेट लावा. दांड्याला पाइप जोडू नका, हातोडी मारू नका. नवीन सेट आला म्हणून जुने रिंग पाने कुणाला देऊनही टाकू नका.

पाना घसरायला लागला तर

बहुतेक वेळा दात्यांत माती किंवा घट्ट झालेलं ग्रीस असतं. केरोसीनमध्ये ब्रशने धुवा, पूर्ण वाळवा, पातळ मशीन ऑइलचे दोन-तीन थेंब सोडा आणि दोन्ही दिशांना फिरवून बघा. जाड ग्रीस भरू नका. त्याने दात्यांत अडकणारी आतली पकड आळसावते आणि दाता चुकवते. धुऊनही जोर लावल्यावर निसटत असेल, तर आतला दाता तुटलेला किंवा झिजलेला असू शकतो. काही कंपन्यांच्या पान्यांना आतले सुटे भाग मिळतात. नसतील तर तो पाना पेटीतून काढून टाका, कारण निसटतो तेव्हा बोटांची सालपटं निघतात. मान हलणाऱ्या पान्याचं डोकं लोंबायला लागलं, तर आधी सांध्यातला स्क्रू बघा. बऱ्याचदा तो थोडा आवळला की काम होतं.